न थांबणारं इंजिन

चावी फिरवली की इंजिन बंद पडतं, असं आपण धरून चालतो. डिझेल इंजिनाच्या बाबतीत ते नेहमीच खरं नसतं. उभ्या ट्रकचं इंजिन, ॲक्सिलरेटरवर कुणाचाही पाय नसताना, अचानक रेस होऊ लागतं. ड्रायव्हर चावी काढून घेतो, स्टॉपर ओढतो, तरी आवाज चढतच राहतो. सायलेन्सरमधून निळसर-पांढरा धूर इतका सुटतो की गाडीचा मागचा भाग दिसेनासा होतो. वीस-पंचवीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला माणूसही अशा वेळी गांगरतो, कारण त्याला ठाऊक असलेला प्रत्येक उपाय करून झालेला असतो. कधी अर्ध्या मिनिटात, कधी दोन-चार मिनिटांत प्रकरण आपोआप संपतं. एक तर जाळायला काही उरत नाही, नाहीतर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

पुस्तकात याला रनअवे म्हणतात. हायवेवरच्या गॅरेजात ‘इंजिन सुटलं’ एवढंच म्हणतात.

हा प्रकार रोज घडत नाही. पण घडला की पाठोपाठ एक निर्णय येतो, आणि तो बहुतेक वेळा घाईचा असतो : ‘कॉम्प्रेशन गेलं, इंजिन बोअरला आलं, फुल काम करा.’ ज्याच्याकडे एकच ट्रक आहे, ज्याचा हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला जातो, त्याच्या दृष्टीने हाफ इंजिन आणि फुल इंजिन यांतला फरक म्हणजे साठवलेले सगळे पैसे. म्हणून हे लिहितो आहे. सुटलेल्या इंजिनाबाबत पहिला प्रश्न ‘काय मोडलं’ हा नसून ‘ते काय जाळत होतं’ हा असतो. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय हेडच्या नटाला पाना लावणं म्हणजे मालकाचे पैसे पाण्यात घालणं.

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. ती मिटली की इंजिन मंदावतं. जुन्या ट्रकच्या डिझेल इंजिनात अशी झडप नसते. हवा जितकी येईल तितकी आत घ्यायची आणि वेग ठरवायचा तो फक्त डिझेल किती सोडलं यावरून. ठिणगीचीही गरज नाही. सायकलचा पंप भरभर मारला की त्याची नळी गरम होते, तेच इथे फार मोठ्या प्रमाणावर होतं. हवा सतरा-अठरा पट दाबली जाते, तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांना या कल्पनेचं पेटंट १८९३ मध्ये मिळालं. १८९७ च्या फेब्रुवारीत ऑग्सबर्गच्या कारखान्यात त्यांच्या इंजिनाची अधिकृत चाचणी झाली आणि इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून अधिक उष्णतेचं काम झाल्याचं दिसलं. तेव्हाच्या वाफेच्या इंजिनांनी ही मजल गाठली नव्हती. त्या यशाची दुसरी बाजू म्हणजे आजचा आपला विषय. तापलेल्या हवेला डिझेल, इंजिन ऑइल, गॅस यांतला भेद कळत नाही. पेटण्याजोगं जे काही हवेच्या वाटेने आत येईल ते जळतं, आणि त्यावर पंपाचा, गव्हर्नरचा, चावीचा काडीचाही ताबा राहत नाही.

हे जळण येतं कुठून? सर्वांत जास्त वेळा टर्बोतून. टर्बोचा शाफ्ट इंजिन ऑइलवर फिरतो. त्याचं सील झिजलं, किंवा तेल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, नेणारा पाइप तुंबला, की तेल हवेच्या बाजूला उतरतं आणि सरळ इनटेकमध्ये जातं. दुसरी वाट ब्रीदरची. रिंगा झिजल्या की जळालेला वायू पिस्टनच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरतो आणि तेलाची वाफ उचलून ब्रीदरमधून बाहेर येतो. ज्या गाडीत ब्रीदर इनटेकला जोडलेला असतो तिथे तीच वाफ पुन्हा इंजिनाच्या पोटात जाते. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी वाफ जास्त, आणि वाफ जास्त म्हणून इंजिन आणखी जोरात. तिसरं कारण माणसाच्या हातचं : चेंबरमध्ये किंवा जुन्या ऑइल-बाथ एअर क्लीनरमध्ये खुणेच्या वर ओतलेलं तेल.

या तिन्हींपेक्षा भयंकर वाट म्हणजे आजूबाजूच्या हवेतच गॅस असणं. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत एक टॉवर प्रमाणाबाहेर भरला आणि पेट घेणारा द्रव उघड्यावर उसळला. जवळच एक डिझेल पिकअप सुरू ठेवून उभी होती. वाफेचा ढग तिच्यापर्यंत पोचला, इंजिन रेस होऊ लागलं, जवळच्या माणसांना ते बंद करता येईना. पुढच्या स्फोटात १५ माणसं मेली, १८० जखमी झाली. तपास करणाऱ्या सरकारी मंडळाने ठिणगीचं संभाव्य मूळ म्हणून त्या पिकअपकडेच बोट दाखवलं. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहिरीच्या फलाटावरही गॅस इंजिनरूमपर्यंत पोचला आणि जनरेटरची मोठी डिझेल इंजिनं अशीच चढत गेली. तिथे ११ कामगार गेले. आपल्या रस्त्यावर गॅसचा टँकर कलंडला की पोलीस लांबूनच गाड्या थांबवतात आणि इंजिनं बंद करायला सांगतात. लोक कुरकुरतात. डिझेल ट्रकवाल्याने तरी त्या वेळी कुरकुरू नये.

आता या लेखाचं मुख्य प्रकरण. खंबाटकी घाटाच्या पायथ्याला, शिरवळच्या पुढे, ट्रकची कामं करणारी गॅरेजं आहेत. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली एक गाडी मी जवळून पाहिली. सहा सिलिंडरची, टर्बो असलेली, यांत्रिक मायको डिझेल पंपाची जुनी दहाचाकी. खताच्या गोण्या भरून कोल्हापूरकडे निघालेली. ड्रायव्हर चहाला थांबला, इंजिन स्लोवर सोडून खाली उतरला आणि पाचेक मिनिटांत ते आपोआप चढलं. चावी झाली, स्टॉपर झाला. शेवटी त्याने टॉप गिअर टाकला, ब्रेकवर सगळा भार दिला आणि क्लच एकदम सोडला. भरलेल्या गाडीने एक हिसका खाल्ला आणि इंजिन घुसमटून बंद पडलं. या माणसाने मालकाचा ब्लॉक वाचवला, हे आधीच सांगून टाकतो.

त्यानंतर मात्र जी चूक सर्रास होते ती झाली. ‘बघू तरी’ म्हणून कुणीतरी पुन्हा सेल्फ मारला. इंजिन कसंबसं लागलं, दोन सिलिंडर मिस, पांढरा धूर, आणि परत बंद. जमलेल्या चौघांनी निकाल दिला : कॉम्प्रेशन गेलं.

मिस्त्रींनी बराच वेळ पान्याला हात लावला नाही. आधी ड्रायव्हरला जवळ बसवलं. धूर कसला होता? निळा-पांढरा. काळा नव्हता ना? नव्हता. स्टॉपर ओढल्यावर आवाजात जरासा तरी फरक पडला? नाही पडला. या दोन उत्तरांत अर्धं निदान होतं. पंपाची रॅक फुल डिझेलवर अडकली तरी इंजिन असंच सुटतं. फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत, किंवा पंप नुकताच खोलून जोडला असेल तर, हे घडू शकतं. पण तेव्हा धूर काळा असतो आणि डिझेलची लाइन बंद केली की इंजिन थांबतं. इथे धूर निळा-पांढरा होता आणि स्टॉपर ओढूनही काही झालं नाही, म्हणजे जळत होतं ते दुसरंच काही.

मग त्यांनी विचारलं, “तेल किती खात होती गाडी?” ड्रायव्हर उत्साहाने म्हणाला, “काय सांगू मिस्त्री, पंधरा दिवसांत टॉप-अप केलंच नाही. पट्टीवर उलट वाढल्यासारखं दिसायचं.”

म्हाताऱ्यांनी मान हलवली. पट्टी ओढून पाहिली तर तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर. त्यांनी एक थेंब जुन्या वर्तमानपत्रावर टाकला आणि कागद बाजूला ठेवून दिला. थोड्या वेळाने मधला डाग काळा राहिला, आणि त्याच्याभोवती एक फिकट, तेलकट कडं बाहेर पसरलं होतं. चिमटीत तेल चोळून नाकाशी नेलं : डिझेलचा वास. तेल वाढत नसतं, त्यात काहीतरी मिसळत असतं. पंपाचं झिजलेलं सील, घासलेले प्लंजर किंवा फीड पंप, कुठूनतरी डिझेल चेंबरमध्ये उतरत होतं. तेल पातळ झालं आणि पातळी चढली. टर्बोतून परतणाऱ्या तेलाला खाली उतरायला वाव उरला नाही, आणि ते सील ओलांडून हवेच्या बाजूला गेलं. टर्बोपासून पुढे जाणारा रबरी होज सोडला तर आतून तेलाची धारच लागली. टर्बोचा शाफ्ट त्यांनी दोन बोटांत धरून हलवला. वर-खाली जरासा हलतो ते चालतं, आत-बाहेर हलता कामा नये. हा आत-बाहेर हलत होता.

सुटण्याचं कारण सापडलं. राहिला प्रश्न कॉम्प्रेशनचा, आणि खरी परीक्षा इथेच असते.

बॅटऱ्या बदलल्या, कारण सेल्फ प्रत्येक सिलिंडरला सारख्याच वेगाने फिरला नाही तर आकड्यांना अर्थ नाही. डिझेल तोडलं, नोझल काढून तिथे गेज बसवलं आणि एकेक सिलिंडर मोजला. चांगल्या डिझेल इंजिनात साधारण पंचवीस ते तीस किलोचा दाब मिळतो. खालची नेमकी मर्यादा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये पाहायची, आणि सिलिंडरा-सिलिंडरात फार तफावत नसावी. इंजिन थंड होतं म्हणून आकडे जरा कमीच येणार होते. चार सिलिंडर चोवीसच्या आसपास आले. दोन नंबरचा सतरा. पाच नंबरचा जेमतेम पाच.

गेज धरलेला तरुण फिटर लगेच म्हणाला, “पाचच्या रिंगा गेल्या.”

“टॅपेट कव्हर उघडल्याशिवाय हा आकडा वाचायचा नाही,” मिस्त्री म्हणाले.

कव्हर निघालं आणि पाच नंबरच्या इनटेकचा पुश रॉड वाकलेला दिसला. इंजिन मर्यादेबाहेर फिरतं तेव्हा स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत मिटवता येत नाही. तो लोंबकळत राहतो, पिस्टन त्याला गाठतो, आणि जे कमजोर असेल ते वाकतं. पुश रॉड वाकला की इनटेक व्हॉल्व्ह उघडतच नाही. हवा आतच आली नाही तर दाबायचं काय? गेज पाच दाखवणारच. त्यात रिंगांचा काहीही दोष नाही. नवीन पुश रॉड घातला, टॅपेटचं अंतर लावलं, पुन्हा मोजलं. तेवीस. लायनर, पिस्टन, रिंगा या सगळ्यांचा खर्च त्या एका सळईपाशी टळला.

दोन नंबरचे पुश रॉड सरळ होते, तरी आकडा सतराच. इथे गेजचं काम संपतं. दाब कमी आहे एवढंच ते सांगतं, दाब कुठून पळतो ते सांगत नाही. त्यासाठी त्यांनी उलटी तपासणी केली. पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणला, फ्लायव्हील अडकवून ठेवलं, कारण दाबाची हवा सोडली की क्रँक फिरू शकतो आणि बोटं जाऊ शकतात. मग कॉम्प्रेसरची हवा नोझलच्या भोकातून आत सोडली आणि कान लावला. ऑइल भरायच्या तोंडाशी सुसकारा ऐकू आला तर रिंगा. एअर क्लीनरच्या बाजूला आला तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट किंवा तडकलेलं हेड. इथे आवाज सायलेन्सरमधून येत होता, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. हेड उतरवलं तेव्हा दोन नंबरच्या पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीएवढा ठसा दिसला. व्हॉल्व्हचा दांडा किंचित वाकून सीटवर पूर्ण बसत नव्हता. लायनरच्या आत मात्र होनिंगच्या बारीक रेघा अजून शाबूत होत्या. हेड उतरवलंच होतं म्हणून मी त्या रेघा स्वतः बोटाने चाचपून पाहिल्या.

चेंबर खाली उतरवून बेअरिंगं पाहिली, ती बदलली. पातळ तेलावर एवढ्या वेगाने फिरलेल्या इंजिनाची बेअरिंगं न पाहता चेंबर बंद करणं हा गुन्हा आहे. टर्बो नवा बसवला. इंटरकूलर आणि होज धुऊन कोरडे केले, कारण आत राहिलेलं तेल पुढच्या स्टार्टला पुन्हा तोच प्रसंग आणू शकतं. पंप साताऱ्याच्या पंपवाल्याकडे गेला. इंजिन ‘बोअरला’ आलं नव्हतंच.

रिंगा खरोखर गेलेल्या असतात तेव्हा चित्र वेगळं दिसतं. सहाही सिलिंडर थोडेफार खाली असतात, सकाळी गाडी लागायला वेळ घेते, घाटात ओढ कमी होते, तेल खरंच कमी होत जातं. एअर क्लीनरनंतरच्या होजला एक छोटी चीर असली तरी पुरते. क्रशरच्या किंवा ऊसतोडीच्या रस्त्यावरची धूळ तेवढ्या वाटेने आत जाऊन लायनर खरवडते. ऑइलचं झाकण उघडून भोकावर उलटं ठेवायचं आणि ते नाचतं का बघायचं, ही सर्व गॅरेजांत चालणारी परीक्षा आहे. ती वाईट नाही, पण तिच्यात एक खोच आहे. ट्रकला एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर असतो आणि त्याचं तेल इंजिनातूनच येतं. त्याच्या रिंगा झिजल्या की तोही चेंबरमध्ये हवा मारतो. टर्बोचं सील गेलं तरी तसंच. झाकण नाचलं म्हणून इंजिन खोललं आणि दोष निघाला ब्रेकच्या कॉम्प्रेसरचा, अशा हकिकती जुन्या फिटरांकडे भरपूर मिळतात. कॉम्प्रेसर तात्पुरता अलग करून पुन्हा झाकण बघायला फारसा वेळ लागत नाही.

आणखी एका सवयीबद्दल सावध करतो. कॉम्प्रेशन कमी आलं की सिलिंडरमध्ये थोडं तेल टाकून परत मोजायचं, आकडा वाढला तर रिंगा, ही पेट्रोल इंजिनाची युक्ती आहे. डिझेलमध्ये पिस्टनच्या वर जागा इतकी थोडी असते की चमचाभरापेक्षा जास्त तेल पडलं तर आकडा उगाच फुगतो. आणखी जास्त पडलं तर सेल्फ मारताच कनेक्टिंग वाकतो. एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून मेलेला सिलिंडर ओळखायची जुनी पद्धतही मायको पंपाच्या गाडीपुरतीच ठेवावी. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. त्या गाड्यांच्या कॉमन रेलमध्ये दीड-दोन हजार बारपर्यंत दाब असतो आणि तिथली बारीक धार कातडी भेदून आत शिरते. या गाड्यांत स्कॅनर सेल्फ फिरताना होणारे वेगाचे चढउतार मोजून कुठला सिलिंडर कमजोर आहे ते सांगतो. ती खूण समजावी. त्यापुढे गेज आणि हवा हवीच.

रस्त्यावर इंजिन सुटलं तर काय करायचं, हे ड्रायव्हरच्या शिक्षणात कुठेच नसतं, म्हणून इथे सांगतो. गाडीसमोरची माणसं आधी हटवायची. हाताच्या गिअरची गाडी असेल तर टॉप गिअर, पूर्ण ब्रेक आणि क्लच एकदम सोडायचा. वेळ जितका कमी तितकं बरं. ते जमत नसेल तर हवा तोडायची. इनटेकच्या तोंडावर सपाट, जाड फळी किंवा पत्रा दाबायचा. हात कधीही लावायचा नाही, आणि गोणपाट, जाकीट, चिंधीही नाही. टर्बो ती ओढून घेतो. पाणी ओतायचं नाही. कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक हाताशी असेल तर त्याचा झोत इनटेकमध्ये सोडायचा. इंजिनाच्या कुशीला उभं राहायचं नाही, रॉड तिकडूनच बाहेर येतो. यांतलं काहीच शक्य नसेल तर लांब व्हायचं. इंजिन परत मिळतं. अनेक देशांत खाणी आणि तेलक्षेत्रांतल्या डिझेल यंत्रांना हवा तोडणारी झडपच बसवलेली असते. अमेरिकेतल्या जुन्या डेट्रॉइट डिझेलच्या टू-स्ट्रोक इंजिनांवर ब्लोअरच्या तोंडाशी अशी आपत्कालीन झडप असायची. आपल्याकडे गॅस, रसायनं आणि पेट्रोल यांच्या आवारात फिरणाऱ्या प्रत्येक डिझेल गाडीला ती असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. 

डिझेल इंजिन महाराष्ट्राला परकं नाही. खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. टेल्कोने १९५४ मध्ये डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले आणि पुढे पिंपरीत कारखाना काढला. नोझल नाशिकला बनतात. एवढं सगळं दाराशी असताना आयटीआयच्या ‘मेकॅनिक डिझेल’च्या वर्षभराच्या अभ्यासक्रमात शिकलेली मुलं गॅरेजात येतात ती गेज लावायला शिकून, आकडा वाचायला शिकतात ती अशा एखाद्या म्हाताऱ्याच्या हाताखाली नशिबाने लागली तरच. आयटीआयच्या निदेशकांना विनंती आहे : एका इंजिनाचा एक पुश रॉड मुद्दाम काढून ठेवा, मुलांना कॉम्प्रेशन मोजायला लावा आणि कारण शोधायला सांगा. एवढा एक धडा त्यांना पुरून उरेल.

ट्रकमालकांना एवढंच सांगायचं आहे. फुल इंजिनाच्या अंदाजपत्रकाला होकार देण्यापूर्वी सहाही सिलिंडरांचे आकडे कागदावर मागा. आकड्यांवरून निकाल देण्याआधी टॅपेट कव्हर उघडलं होतं का, ते विचारा. हवा सोडली तेव्हा सुसकारा कुठून आला, हेही लिहून घ्या. चेंबरमधलं तेल वाढताना दिसलं तर त्याच दिवशी गाडी गॅरेजला लावा.